वणव्याची बातमी: काय दाखवावे, काय रोखावे

शिमगा जवळ आला की कातळसड्यावरचे, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरचे, गवत कडकडीत वाळलेले असते. काजूच्या बागेत पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पाने, घोट्याला लागेल इतका साचलेला असतो. तिथून पुढे वळवाचा पाऊस पडेपर्यंत कोकणातून वणव्याची दृश्ये कुठून ना कुठून वाहिन्यांकडे येत राहतात. ही दृश्ये ज्यांच्या हातून जातात त्यांच्यासाठी हे लिहिले आहे: तालुक्याचे बातमीदार, केबलवरचे स्थानिक चॅनेल चालवणारे, गावातून यूट्यूबवर बातम्या देणारे आणि मुंबईच्या डेस्कवरून ‘अजून मोठ्या ज्वाळा मिळतील का’ असे फोनवर विचारणारे.

आधी बंदीच्या प्रश्नाबद्दल

वणव्याची दृश्ये टीव्हीवर दाखवूच नयेत, त्याने आग लावणाऱ्यांना चेव येतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांची काळजी खरी आहे, पण सरसकट बंदी हा उपाय चुकीचा आहे. कोकणात आग लागते ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून, आणि कारणे ठरलेली आहेत: गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले उगवते ही समजूत, भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे, करताना सुटलेली ठिणगी, शिकारीसाठी रान उठवणे, विझवल्याशिवाय टाकलेली विडी, वाऱ्यात घासणाऱ्या विजेच्या तारा, क्वचित बांधावरचे वैर. यांतले एकही कारण टीव्हीच्या पडद्यावरून आलेले नाही. पडदा काळा केला म्हणून सड्यावरची काडी पेटायची थांबणार नाही. उलट बातमी थांबली तर ज्याची दोनशे काजूची झाडे गेली त्याच्याकडे कोणी फिरकणार नाही, आणि खाली वाडीत राहणाऱ्यांना वरच्या अंगाला काय चालले आहे ते व्हॉट्सअॅपवरच्या अफवांतून कळेल.

थेट प्रक्षेपणावर कायद्याने मर्यादा घालता येते, हे आपल्याकडे झालेले आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतल्या नियम ६ मध्ये २०१५ साली भर घालून अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचे थेट प्रक्षेपण रोखले गेले. अशा वेळी नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन करायचे असते. वणव्याला ती तुलना नीट लागू होत नाही. तिथे पडद्यावरच्या माहितीचा फायदा घेणारा शत्रू समोर असतो. इथे थेट दृश्ये पाहून धोक्यात येतात ती आपलीच माणसे: बघायला निघालेली पोरे आणि बाग वाचवायला एकटाच धावणारा म्हातारा मालक. म्हणून वणव्यासाठी मर्यादा हवी ती संपादकाच्या हातची, आणि ती चार गोष्टींवर: ज्वाळांची पुन्हा पुन्हा फिरणारी दृश्ये, आगीच्या तोंडावरून केलेले लाइव्ह, आग लावण्याची रीत, आणि कुणाचीही ओळख पटवणारे तपशील. बाकी सगळे दाखवा. आज दाखवतो त्याहून जास्त दाखवा.

अनुकरणाची भीती जिथे खरी ठरते ती जागा वेगळी आहे. मे २०२४ मध्ये उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात जंगलाला आग लावतानाचा व्हिडिओ काढणाऱ्या तरुणांना अटक झाली. ती आग लागली फोनच्या कॅमेऱ्यासाठी. असा व्हिडिओ हाती आला तर तो जसाच्या तसा वाजवणे म्हणजे ज्यासाठी आग लावली तेच त्यांच्या पदरात टाकणे. अटकेची बातमी द्या, कलमे सांगा, नुकसान दाखवा. तो व्हिडिओ मात्र पडद्यावर आणू नका.

जानेवारीत करायची तयारी

फोनची यादी आग लागल्यावर बनत नाही. प्रत्येक गावासाठी वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच, तलाठी, कृषी सहायक आणि महावितरणच्या शाखेतला एक वायरमन एवढे नंबर लिहून ठेवा. वर वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसील कार्यालय आणि ज्यांच्याकडे बंब आहे ती जवळची नगरपरिषद किंवा एमआयडीसी. वन विभागाची हद्द जिल्ह्याच्या मुख्यालयाप्रमाणे चालत नाही, हे नवख्यांना माहीत नसते. रत्नागिरी जिल्ह्याचे विभागीय वन कार्यालय चिपळूणला, सिंधुदुर्गाचे सावंतवाडीला, आणि रायगडात अलिबाग व रोहा असे दोन वन विभाग.

पडद्यावर द्यायचे नंबर वेगळे, आणि थोडेच: वन विभाग १९२६, आपत्कालीन ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. तार तुटली असेल तर १९१२.

त्याच महिन्यात जमिनीचा नकाशा समजून घ्या. रत्नागिरीत सरकारी जंगल फार थोडे, बहुतेक झाडी मालकीची. आग मालकीच्या रानात आहे की वनखात्याच्या, यावर विझवायला कोण येणार, पंचनामा कोण करणार आणि गुन्हा कोण नोंदवणार हे ठरते. ‘जंगलाला आग, वन विभाग झोपेत’ अशी पट्टी मालकीच्या काजूबागेवर चालवणे ही दर हंगामात होणारी चूक आहे, आणि ज्याच्या मदतीवर उद्या अवलंबून राहायचे तो वनरक्षक त्या एका पट्टीने दुरावतो.

वनखाते हंगामाच्या सुरुवातीला जाळरेषा काढते, म्हणजे ठराविक पट्ट्यातले गवत कापून, मुद्दाम आणि पहाऱ्यात जाळते. भाजावळीतही शेतकरी तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा आणि माती यांचे थर रचून जाळतो. दोन्ही लांबून वणव्यासारखेच दिसतात. धूर एका जागी राहतो, बाजूला माणसे शांत उभी आहेत, कड सरळ रेषेत आहे असे दिसले तर कॅमेरा काढण्याआधी चौकशी करा.

खबर खरी आहे का

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगींचे इशारे नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर पाठवते. नोंदणी कोणालाही करता येते. नासाचा आगी दाखवणारा ‘फर्म्स’ नकाशाही मोफत आहे. दोन्ही वापरा, पण ठिपक्याचा अर्थ समजून घेऊन. व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूच्या चौकोनाचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. त्या चौकोनात कुठेतरी पुरेशी उष्णता सापडली, एवढेच तो सांगतो. चौदा हेक्टर जळाले असे तो म्हणत नाही. पाच ठिपके गुणिले चौदा करून ‘७० हेक्टर खाक’ असे छापू नका. मोडिस या जुन्या संवेदकाचा ठिपका तर एक किलोमीटरचा. व्हीआयआयआरएसचे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात, म्हणून चार वाजता पेटून सातला विझलेली सड्यावरची आग नकाशावर सहसा येत नाही. नकाशा कोरा आहे म्हणून सरपंचाला खोटे ठरवू नका. धुराडी आणि वीटभट्ट्यासुद्धा ठिपका उमटवू शकतात.

आलेला व्हिडिओ तपासायला दहा मिनिटे लागतात आणि ती घालवलीच पाहिजेत. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल मागा. फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइलमधली तारीख उपयोगाची नसते. मग त्याला व्हिडिओ कॉल करा आणि फोन हळूहळू चौफेर फिरवायला सांगा. डोंगराची कड, टॉवर, देवळाचा कळस ओळखीचा निघाला तर जागा पक्की. त्यानंतर झाडे बघा. कोकणात दिसेल ते ऐन, किंजळ, साग, काजू, करवंदीच्या जाळ्या, चिऱ्याचे गडगे, उंच पिवळे गवत. सरळसोट चिडाची (पाइनची) झाडे असतील तर ते दृश्य बहुधा हिमालयातले. सोललेल्या सालीची उंच निलगिरी एका ओळीत न लावता रानभर पसरलेली असेल तर बहुधा ऑस्ट्रेलिया. मोठी माणसेही इथे फसतात: २०१९ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी अॅमेझॉनच्या आगीचे म्हणून दिलेले छायाचित्र ज्याने काढले, तो छायाचित्रकार २००३ मध्येच वारला होता.

आपल्याच जुन्या फुटेजचा धोका सर्वांत मोठा. डेस्कवर ‘वणवा’ असे शोधले की तीन वर्षांपूर्वीची भडक क्लिप सर्वांत वर येते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितले आहे की नैसर्गिक आपत्ती आणि मोठ्या अपघातांच्या दृश्यांवर तारीख आणि वेळ टाकावी. ही सूचना अक्षरशः पाळा: दृश्य घेतल्याची वेळ, प्रसारणाची नव्हे. फाइलच्या नावातच तालुका, गाव, तारीख घाला, म्हणजे पुढच्या वर्षी ती चुकून बाहेर येणार नाही.

आगीजवळ जाताना

इथे घाई करू नका, कारण बातमीदार मरतो तो इथेच. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या टेकड्यांवर वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. वाळलेल्या गवताचा उतार माणसाला पळायला वेळ देत नाही.

आधी वारा. कोकणात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी तो जोर धरतो, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचायला त्याला आणखी वेळ लागतो. सकाळी समुद्राच्या अंगाला सरकणारी आग दुपारी उलटी फिरून पूर्वेच्या चढाला लागते, ती यामुळे. शिवाय बाजूने शांत जळत असलेली लांब कड वारा फिरताच आगीचे तोंड बनते. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरियात १७३ माणसे गेली, संध्याकाळी वारा फिरल्यावर हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणून सकाळी सुरक्षित ठरवलेली जागा अकरा वाजता पुन्हा तपासा. वारा अचानक पडला तर ते सुटकेचे लक्षण समजू नका. तो फिरण्याच्या बेतात असतो.

मग चढ. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका, दृश्य कितीही चांगले मिळत असले तरी. घळीत, पऱ्ह्यात, दोन टेकड्यांच्या खिंडीत उतरू नका. तिथे आग धुराड्यासारखी ओढली जाते. सपाटीवर आणि वारा नसताना ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर ठेवा. तीन मीटरची ज्वाळा म्हणजे बारा मीटर. चढ किंवा वारा असेल तर हा हिशेब विसरा आणि पुष्कळ लांब राहा.

सर्वांत चांगली उभी राहायची जागा म्हणजे पूर्ण जळून थंड झालेला काळा पट्टा किंवा गवत नसलेला उघडा कातळ. चिरेखाणीत दिवसा उभे राहिले तरी चालते, पण रात्री किंवा धुरात तिची कड दिसत नाही आणि धूरही खाली साचतो. कठडा नसलेल्या विहिरींचेही तेच. पाय ठेवण्याआधी वाडीतल्या माणसाला विचारा.

गाडी वाळल्या गवतावर लावायची नाही. सायलेन्सरच्या उष्णतेने खालचे गवत पेटते. तोंड परतीच्या दिशेला, काचा बंद, किल्ली गाडीतच, आणि पाणंद मोकळी राहील इतकी कडेला. कोकणातल्या सड्यांवरचे रस्ते एका गाडीचे असतात. तुमची गाडी आडवी असेल तर बंब मागे अडकतो. गाडीत माणशी तीन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि एक लोकरी घोंगडी ठेवा. पळायची वाटच उरली नाही तर मोकळ्या जागी गाडी थांबवून काचा आणि हवेचे झरोके बंद करायची, काचेच्या पातळीखाली आडवे व्हायचे, घोंगडी अंगावर ओढायची आणि आगीचे तोंड पुढे सरकेपर्यंत बाहेर पडायचे नाही. नायलॉनची शाल किंवा जाकीट वितळून कातडीला चिकटते. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जीन्स, पायात चामड्याचे बूट. एन-९५ मुखपट्टी राख आणि धुरातले बारीक कण अडवते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोके जड झाले, मळमळले, बोलताना गोंधळ झाला की ताबडतोब वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून या.

एकट्याने जाऊ नका. एकाच्या डोळ्याला कॅमेरा असताना दुसऱ्याचे काम फक्त आगीकडे आणि वाऱ्याकडे पाहणे. निघण्याची दोन ठिकाणे आधी ठरवा, फोनला रेंज आहे का ते पाहा. नसेल तर अर्ध्या तासाने रेंजमध्ये येऊन डेस्कला कळवायचे ठरवा. विजेच्या तारांखाली उभे राहू नका: दाट धुरातून वीज जमिनीकडे उतरू शकते आणि तापलेल्या तारा खाली लोंबतात.

ड्रोनचा मोह आवरा. उडवायचाच असेल तर आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या डिजिटल स्काय नकाशावर क्षेत्र पाहा. चिपी आणि रत्नागिरी या दोन विमानतळांच्या भोवती मर्यादा आहेत. विझवणारी माणसे खाली असताना त्यांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नका. तापलेल्या हवेच्या लोटात तो कोलमडतो आणि जिथे पडतो तिथे त्याची बॅटरी नवी आग लावते.

एक गोष्ट कॅमेऱ्याच्या आधी: लोक हिरव्या डहाळ्यांनी कड झोडपत असताना हात कमी पडत असतील, तर त्यांची दृश्ये मिनिटभरात घ्या आणि बाजूला व्हा. त्यांना थांबवून बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) मागू नका.

कॅमेरा खोटे कसे बोलतो

लांब पल्ल्याची लेन्स अंतर दाबून टाकते. एक किलोमीटर मागचा डोंगर आणि पुढचे घर एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि ‘आग घराच्या दारात’ अशी बातमी तयार होते. लांबून घेतलेल्या प्रत्येक शॉटच्या जोडीला साध्या लेन्सचा एक रुंद शॉट घ्या आणि तो आधी दाखवा. रात्री ऑटोवर ठेवलेला कॅमेरा उजेड वाढवतो, त्यात गुडघ्याएवढ्या ज्वाळा झाडाएवढ्या दिसतात. एक्स्पोजर हाताने कमी करा. चौकटीत विजेचा खांब, गडगा, माणूस असे काहीतरी ओळखीचे ठेवा, म्हणजे मोजमाप कळते.

संपादनाचा नियम एवढाच पुरेसा आहे: एका बुलेटिनमध्ये ज्वाळांची एक क्लिप, दहा सेकंदांपर्यंत, एकदाच. चर्चा किंवा फोनो (फोनवरची मुलाखत) चालू असताना मागे ज्वाळांचा लूप नको. तिथे नकाशा लावा. संगीत नको. पूर्ण बातमीत ज्वाळांपेक्षा रस्ता, माणसे, बाग, वारा यांना जास्त वेळ मिळाला पाहिजे. लूपमुळे होणारे नुकसान मोजता येण्यासारखे आहे: संध्याकाळी सहाला विझलेली आग रात्री दहापर्यंत पडद्यावर पेटलेलीच राहते, मुंबईतले चाकरमानी घाबरून गावाला फोन करत राहतात आणि पोलीस पाटलाची लाइन लागत नाही.

आग लावण्याची रीत सांगू नका. कोणत्या वस्तूने, किती वेळाने, कुठल्या बाजूने पेटवली हे तपासात कळले तरी बातमीत ‘पेटवल्याचा संशय’ एवढेच पुरे.

शब्द

‘अग्नितांडव’, ‘रौद्र रूप’, ‘आगडोंब’ हे शब्द बाजूला ठेवा. दोन हेक्टर गवत आणि दोनशे हेक्टर झाडी, दोन्हींना तेच शब्द वापरले तर खरोखर मोठी आग लागेल तेव्हा तुमच्याकडे शब्दच उरणार नाही. त्याऐवजी आकडा द्या. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. गावात गुंठ्यांत सांगा, बाहेर हेक्टरमध्ये. आकडा कुणाचा, तेही सांगा: वनपालाचा अंदाज, मालकाचा अंदाज की पंचनाम्यातला.

‘आटोक्यात’ आणि ‘विझली’ यांत फरक करा. कड पुढे सरकायची थांबली की आटोक्यात. विझली असे तेव्हा म्हणा जेव्हा कडेला कुठेही धूर नाही आणि वनरक्षक किंवा गावकऱ्यांनी फिरून तसे सांगितले आहे. जुना ओंडका किंवा पोकळ खोड दोन-तीन दिवस आतून धुमसत राहते आणि दुपारचा वारा सुटला की पुन्हा ठिणग्या टाकते. ‘विझली’ ऐकून लोक झोपतात.

कारणाबद्दल घाई नको. ‘अज्ञात समाजकंटकांनी’ हे वाक्य सवयीने पडते आणि त्याला कसलाच आधार नसतो. ‘भाजावळीमुळे’ म्हणणेही तसेच, कारण त्याने सगळ्या शेतकऱ्यांवर बोट रोखले जाते. ‘कारण अजून कळलेले नाही’ हे पूर्ण वाक्य आहे, ते वापरा. ‘नैसर्गिक वणवा’ म्हणताना तर दहा वेळा थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात विजा क्वचितच पडतात. बांबू घासून रान पेटल्याची गोष्टही पडताळल्याशिवाय सांगू नका.

पट्टी अशी असावी:

‘वरचीवाडीच्या सड्यावर वणवा. दुपारी ३.१५ची स्थिती. वारा पश्चिमेकडून, आग पूर्वेच्या चढाला. घाटीचा रस्ता बंद, खालचा रस्ता सुरू. वन विभाग १९२६, आपत्कालीन ११२.’

यात एकही विशेषण नाही आणि तरी घाबरलेल्या माणसाला हवे ते सगळे आहे. वेळ बदलल्याशिवाय पट्टी फिरवू नका. तासभर जुनी झाली की काढून टाका किंवा नवी घाला. महामार्ग ६६ वर धूर आला असेल तर ती बातमी पहिली, कारण तिथे जीव जातो तो धुरात गाड्या एकमेकांवर आदळून.

आपत्तीबद्दल खोटा किंवा वाढवून इशारा दिला आणि त्याने घबराट पसरली, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. यूट्यूबवर ‘गाव रिकामे करा’ असे स्वतःच्या मनाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. गाव हलवण्याची सूचना तहसीलदार किंवा पोलिसांचीच, त्यांच्या नावाने आणि शब्दशः द्या.

लाइव्ह कधी

आगीच्या तोंडावरून लाइव्ह करू नका. लाइव्हसाठी जागा खालच्या रस्त्यावरची, शाळेच्या आवारातली किंवा ग्रामपंचायतीसमोरची, जिथून धूर दिसतो आणि सरपंच बोलू शकतो. वाडी नेमकी कुठली ते सांगा, पण ‘मी आता इथून वर जातोय, या वाटेने’ असे दाखवू नका. अर्ध्या तासात त्याच वाटेवर मोटारसायकली लागतात. कॅलिफोर्नियात दंडसंहितेच्या कलम ४०९.५ प्रमाणे बंद केलेल्या आपत्तीक्षेत्रात पत्रकारांना जाता येते. आपल्याकडे असा कायदेशीर हक्क नाही. पोलिसाने थांबवले तर तिथे वाद घालू नका. हंगामाआधीच तहसीलदारांशी बोलून दिवसातून दोनदा माहिती कोण देणार ते ठरवून घ्या. ज्या तालुक्यात असे ठरते तिथे कोणालाही आगीत शिरायची गरज राहत नाही.

घर किंवा गोठा जळत असताना मालकाचा चेहरा लाइव्ह नको. त्याच्या नातेवाइकांना ते टीव्हीवरून कळता कामा नये.

नावे, मुले, जनावरे

संशयिताचे नाव गुन्हा नोंदल्याशिवाय घेऊ नका, आणि नोंदल्यावरही त्याच्या घराचे दृश्य नको. गावात दोन घरांमधले वैर वणव्यापेक्षा जास्त दिवस धुमसते. गुरे राखणारे अल्पवयीन मूल यात असेल तर बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे नाव, चेहरा, शाळा, पत्ता काहीही देता येत नाही. ‘अमुक वाडीतला गुराखी मुलगा’ असे म्हटले तरी ओळख पटते.

होरपळलेले खवले मांजर सापडले तर त्याचे दृश्य मन हेलावणारे असते आणि ते दाखवावेच. पण जागा सांगू नका, तालुक्यापलीकडे काहीच नको. त्याची शिकार खवल्यांसाठी होते, आणि सापडल्याची जागा हाच शिकाऱ्याला हवा असलेला पत्ता असतो. फोन १९२६ ला करा, जनावराला हात लावू नका, पाणी तोंडात ओतू नका.

दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर

खरी बातमी इथे सुरू होते आणि बहुतेक कॅमेरे इथे परत गेलेले असतात. सकाळी जळलेल्या कडेने फोनमधले जीपीएस चालू करून चालत जा. पाऊण तासात क्षेत्राचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पंचनामा कधी आहे, कोण येणार, मालकाने सातबारा आणि झाडांची संख्या तयार ठेवली आहे का, हे विचारा आणि पडद्यावर सांगा. पंचनाम्याआधी जळलेली झाडे तोडू नयेत, हेही सांगा. साफसफाईच्या घाईत पुरावाच जातो.

त्या संध्याकाळी नुकसानीचा रुपयांतला आकडा देऊ नका. काजूची साल आच सोसत नाही. झाड त्या दिवशी हिरवेच दिसते आणि पाने करपून गळायला लागतात ती काही दिवसांनी. आंब्याचेही तसेच: कलम जळाले नाही तरी आचेने मोहोर आणि कैऱ्या जातात. शिवाय ठिबकच्या नळ्या, पाण्याच्या टाक्या, गड्याचा मांगर (बागेतली झोपडी) यांची मोजणी लोक विसरतात. तीन आठवड्यांनी त्याच बागेत परत जा, त्याच जागेवरून तोच शॉट घ्या आणि झाडे मोजून आकडा द्या.

डिसेंबरमध्ये पुन्हा एक फेरी हवी. त्या बागेभोवती तीन ते पाच मीटरचा पट्टा साफ झाला आहे का, पातेरा खोडापासून ओढला आहे का, सड्यावर गवत कापून विकले गेले की तसेच उभे आहे, गेल्या वेळचा पंचनामा कुठपर्यंत पोचला. हे पाच मिनिटांचे बुलेटिन गवत वाळायच्या आत जायला हवे, कारण त्यानंतर पट्टा काढायला गडी मिळत नाहीत.